वर्कशॉप हलवताना मूव्हर्सवाल्यानं केलेला घोळ (एक स्टार, तोपण ड्रायव्हरचा)

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावचं भाड्याचं वर्कशॉप बंद करून बेळगावला उद्यमबागेत आलोय. दोन लेथ (लोखंड कातायची मशीनं), एक रेडियल ड्रिल आणि 12 वर्षांचा कचरा. मूव्हर्सचं नाव लिहीत नाही, कारण ते नावच त्यांचं नव्हतं. एका मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं, लोगो तसाच, आणि मी गुगलवर बघून फोन लावला, चूक माझी.

पहिल्या खेपेला एक लेथ आणि ड्रिल न्यायचं होतं. आधी विचारलेल्या तिघा मूव्हर्सवाल्यांनी हायड्रासकट (म्हणजे माल उचलायच्या क्रेनसकट) 26 ते 28 हजार सांगितलेले. हा पठ्ठ्या म्हणाला 14,500, तेपण माल न बघता. लेथचं वजन किती, दरवाजा केवढा, काही विचारलं नाही, फक्त "मालक, आजच बुकिंग केलं तर हा रेट". तिथंच कळायला पाहिजे होतं की ओ! 8 हजार ॲडव्हान्स मारला, त्यात दीड हजार म्हणे इन्शुरन्सचे, आणि यूपीआयवर नाव आलं भलत्याच माणसाचं. विचारलं तर म्हणतोय आमचे अकाउंटंट आहेत. पॉलिसी नंबर मागितला तर "माल पोचल्यावर व्हॉट्सॲप करतो". माल पोचल्यावर इन्शुरन्स घेऊन काय पूजा करू?

लोडिंगच्या दिवशी हायड्रा आलाच नाही. चार पोरं आली, एक नायलॉनचा दोर घेऊन, आणि एकानं तो दोर सरळ लेथच्या लीड स्क्रूला (आटे पाडताना फिरतो तो लांब स्क्रू) गुंडाळायला घेतला. मी ओरडलो अक्षरशः. तो स्क्रू वाकला की थ्रेडिंगचं, म्हणजे आटे पाडायचं काम संपलं कायमचं. मग बेडला ग्रीस फासलं, कॅरेज (बेडवर सरकणारा भाग) लॉक केला, शेजारच्या शेडवाल्याच्या ओळखीनं हायड्रा बोलावला, दोन्हीकडचे मिळून 7 हजार माझ्या खिशातनं. या गडबडीत एलआर (लॉरी रिसीट, माल गाडीत दिल्याची पावती) घ्यायचा राहिला. पोरगं म्हणालं ऑफिसातनं येईल. नाही आला.

गाडी कोगनोळी टोल पार करून, तवंदी घाट चढून संकेश्वरच्या पुढं गेली आणि फोन आला, बॉर्डर टॅक्स आणि आरटीओ मिळून 18 हजार पाठवा, नाहीतर माल गोडाउनला उतरवतो, रोजचं भाडं लागंल. आता हे ऐकून बाहेरचा माणूस घाबरंल, पण आम्ही बॉर्डरवरचेच ना. 2017 ला जीएसटी आल्यापासनं मालावर असला कुठला बॉर्डर टॅक्स नाही, आणि ई-वे बिल (माल नेतानाचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मी स्वतः काढलेलं. (50 हजाराच्या वरचा धंद्याचा माल असला की लागतंच. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर 27 नं सुरू, कर्नाटकाचा 29 नं, पॅन एकच असला तरी कायद्याला दोन वेगळी माणसं, म्हणून माझ्याच लेथचं मीच मला बिल केलं. सीएनं सांगितलं तेव्हा मी हसलोच.)

बाइक काढली आणि गाडी थांबलेली त्या धाब्यावर गेलो. ड्रायव्हर चहा पीत बसलेला, म्हाताराच होता, मला बघून उठला, म्हणाला "नंगेनू गोत्तिल्लरी सर". खरंच त्याला काही माहीत नव्हतं. गाडी त्या मूव्हर्सची नव्हतीच! बाजारातनं भाड्यानं धरलेली, आणि 13 हजार भाडं पार्टीकडनं घ्यायला सांगितलेलं. म्हणजे माझे 8 हजार फोनवाल्याच्या खिशात, गाडीवाल्याला एक पैसा नाही, आणि आम्ही दोघं एकमेकाला चोर समजायलोय. ट्रकच्या मागं मालकाचा नंबर रंगवलेला होता, त्याच्याशी बोललो, ठरलं की 13 हजार देतो पण उद्यमबागेत माल उतरल्यावर, इथं नाही. तो माणूस शब्दाला जागला.

8, 7 आणि 13, 28 हजार. जिथं नको म्हणालो होतो तिथंच आलो फिरून.

नंतर घरी येऊन कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर रजिस्ट्रेशन कॅन्सल आणि धंदा भलताच. दोन मिनिटांचं काम होतं. 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार केली, पैसे अजून आलेले नाहीत. वकील मित्र म्हणाला, धंद्यासाठी घेतलेल्या सर्व्हिसला ग्राहक कोर्टात अडचण येते, स्वतःच्या पोटापाण्याचा छोटा धंदा असंल तर भांडता येतं. आणि ट्रान्सपोर्टवाल्याकडं माल बिघडला तर बुकिंगपासनं 180 दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते, पण त्यालापण हातात एलआर पाहिजे. तोच तर नव्हता माझ्याकडं.

दुसऱ्या लेथला बेळगावच्या ऑटो नगरातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला धरलं. कोल्हापूरला येऊन स्वतः टेप लावून दरवाजा मोजला, लेथ किती टनाचा विचारलं, आरसीचा फोटो पाठवला आणि गाडी हलायच्या आधी एलआर हातात दिला, त्यावर माल, गाडी नंबर, भाडं सगळं लिहिलेलं. ॲडव्हान्स फक्त डिझेलपुरता. माणूस जरा तिरसट आहे, फोन पहिल्या वेळी उचलत नाही, आणि यायला चार तास उशीर केला, पण लेथला ओरखडा नाही. त्याला चार स्टार.

पहिल्या लेथच्या टेलस्टॉकचं हँडल मात्र त्या पोरांनी मोडलं, वेल्डिंग मारून चालवतोय अजून.