माल कोणाच्या गोदामात: अ‍ॅमेझॉनच्या की स्वतःच्या?

अ‍ॅमेझॉनवर खपणाऱ्या वस्तूंपैकी ६० टक्क्यांच्या आसपास आता बाहेरच्या विक्रेत्यांच्या असतात. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या एफबीएमध्ये (‘फुलफिलमेंट बाय अ‍ॅमेझॉन’, म्हणजे ऑर्डर पोचवण्याचं काम अ‍ॅमेझॉनकडे) माल कंपनीच्या गोदामात ठेवायचा. पॅकिंग, डिलिव्हरी, रिटर्न सगळं तिकडेच. प्राइमचा शिक्का मिळतो, आणि लवकर डिलिव्हरीची सवय लागलेला ग्राहक आधी तोच बघतो. पण महिनोन् महिने पडून राहिलेल्या मालाचं भाडं चढत जातं. उशीच घ्या: वजन नगण्य, जागा भरपूर, म्हणून फी जड. असा माल स्वतःच पाठवावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात धावपळ आहेच. उशिरा रवाना होणाऱ्या ऑर्डर ४ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. छोट्या, भराभर खपणाऱ्या वस्तूंना मात्र मी बेधडक एफबीए सुचवेन.