डेमोत चाललेले आठ कॅमेरे

गोदामावरच्या आठ कॅमेऱ्यांचं चित्र साधारण ६०० मीटरवरच्या ऑफिसात केबल न टाकता आणून देतो, असं सांगून एका इन्स्टॉलरने आम्हाला गंडवलं. लिहायचं कारण असं, की डेमोत त्याने एकही गोष्ट खोटी दाखवली नाही. दाखवलं ते खरंच चालत होतं. हीच युक्ती तो दुसरीकडेही वापरत असणार, म्हणून ती सविस्तर सांगतो.

दोन्ही गच्च्यांवर त्याने एकेक पांढरा डबा, म्हणजे वायरलेस रेडिओ, बसवला, ऑफिसातला एन्व्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र दाखवणारा आणि साठवणारा रेकॉर्डर) चालू केला आणि स्क्रीनवर आठही चौकटी उघडल्या. चित्र कुठेच अडकत नव्हतं. "आता कोणताही एक कॅमेरा सांगा," म्हणाला. गेटचा सांगितला. डबल क्लिक केल्यावर तो स्क्रीनभर झाला, भिंतीवरची पाटी वाचता येईल इतका स्वच्छ. "साहेब, ३०० एमबीपीएसची लिंक आहे. आठ काय, तीस कॅमेरे टाका." एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट डेटा जातो, ते वेगाचं माप. पैसे घेऊन गेला.

पुढे एका ट्रकने रिव्हर्स घेताना गेट वाकवलं आणि ड्रायव्हर गाडी घेऊन पसार झाला. रेकॉर्डिंग काढलं. ट्रक मागे येतोय, येतोय, मग चित्र थिजलं. आणि त्यानंतरच्या फ्रेममध्ये वाकलेलं गेट आणि रिकामा रस्ता. थिजण्याआधीची फ्रेम मोठी करून पाहिली, तर नंबर प्लेटच्या जागी करड्या चौकोनांची नक्षी. डेमोतला तो स्वच्छ कॅमेरा हाच!

इन्स्टॉलरला बोलावलं. आधी पावसावर ढकललं, मग आमच्या विजेवर, मग शेजारच्यांच्या वायफायवर. शेवटी 'सिग्नल बूस्टर' म्हणून आणखी एक डबा मधल्या खांबावर लावला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. त्यानंतर चित्र जास्तच अडखळायला लागलं. का, ते नंतर कळलं. तो बूस्टर नव्हताच, साधा रिपीटर होता. एकाच रेडिओचा रिपीटर तोच डेटा त्याच चॅनलवर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खर्च होतो आणि वेग निम्म्यावर येतो. दुखणं वेगाचंच होतं आणि औषध वेग खाणारं!

मग ओळखीतून दुसरा तंत्रज्ञ आला. याने चित्राकडे पाहिलंच नाही. रिपीटर बंद केला, दोन्ही टोकांना लॅपटॉप लावले आणि आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवून लिंकचा खरा वेग मोजला. जेमतेम १० एमबीपीएस. सिग्नलची ताकद उणे ८० डीबीएमच्या आसपास; हा आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमजोर. त्याच्या मते उणे ६५ च्या खाली गेला की कॅमेऱ्यांसाठी भरवसा नाही.

त्यानंतर त्याने कागदावर जो हिशेब मांडला, त्यात सगळं पितळ उघडं पडलं. कॅमेरा दोन प्रवाह पाठवतो. मेन-स्ट्रीम म्हणजे पूर्ण चित्र, आमच्या कॅमेऱ्यांत प्रत्येकी ४ एमबीपीएस. सब-स्ट्रीम म्हणजे लहान, हलकं चित्र, साधारण अर्धा एमबीपीएस. आठ चौकटी एकत्र दिसतात तेव्हा रेकॉर्डर सब-स्ट्रीम दाखवतो, म्हणजे सगळं मिळून ४ एमबीपीएस. एक कॅमेरा मोठा केला की त्या एकट्याची मेन-स्ट्रीम येते, आणखी ४. दोन्ही १० मध्ये आरामात बसतात. पण आठही कॅमेरे पूर्ण दर्जात रेकॉर्ड करायचे तर ३२ लागतात, आणि ते या लिंकला जन्मात जमणार नव्हतं. हे इन्स्टॉलरला पक्कं ठाऊक होतं, कारण रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये त्याने रेकॉर्डिंगच सब-स्ट्रीमवर लावून ठेवलं होतं. म्हणजे डिस्कवर पहिल्या दिवसापासून भुरकट चित्रच साठत होतं. अॅडमिन पासवर्डही त्याने स्वतःकडेच ठेवला होता, "तुमच्याकडून चुकून काही बदलायला नको" म्हणून. रेकॉर्डर रीसेट केल्यावरच नव्याने सगळं लावता आलं.

डब्यांचं प्रकरण वेगळंच. बाहेरच्या स्टिकरवर ५ गिगाहर्ट्झ, ३०० एमबीपीएस असं छापलेलं. पावसाने एक कोपरा सुटला होता, तो नखाने ओढला तर खाली कंपनीचा मूळ स्टिकर: २.४ गिगाहर्ट्झ, १५० एमबीपीएस. हा १५० सुद्धा हवेतला कागदी आकडा. जवळून, मोकळ्या जागेत प्रत्यक्ष त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. शिवाय २.४ वर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आसपासच्या सगळ्या राउटरांची गर्दी तिथेच.

नव्या तंत्रज्ञाने खरे ५ गिगाहर्ट्झचे, एकाच दिशेला सिग्नल सोडणारे सेट लावले, पण त्याआधी दोन्हीकडचे पाइप उंच केले. समोरची गच्ची डोळ्यांना दिसते म्हणून रेडिओलाही रस्ता मोकळा असतो, असं नाही. ६०० मीटरच्या मध्यावर या लहरींना सरळ रेषेभोवती पावणेतीन मीटरच्या आसपास त्रिज्येची जागा लागते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. आमच्याकडे नेमके तिथे झाडांचे शेंडे, आणि ओली पानं सिग्नल पितात. पावसाची सबब अगदीच खोटी नव्हती, पण झाडं काय पैसे घेतल्यानंतर उगवली?

रेकॉर्डर आता गोदामातच आहे, कुलूपबंद खोलीत. लिंक पडली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही. रेकॉर्डरच कोणी उचलून नेला तर पंचाईत नको म्हणून गेटच्या कॅमेऱ्याची दुसरी प्रत ऑफिसात साठते.

पहिल्या इन्स्टॉलरकडे पैसे मागितले, तर त्याने सरळ हात वर केले. "आठ कॅमेरे दिसतील म्हणालो होतो. दिसले ना?" बिलावर 'वायरलेस सेट, १ जोडी' एवढंच लिहिलेलं. मॉडेल नाही, वेग नाही, अंतर नाही. तक्रार करायची तरी कशाच्या आधारावर? नव्या बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर आहेत, लिंकचा मोजलेला वेग आहे, आठही कॅमेरे मेन-स्ट्रीमवर रेकॉर्ड होतील हे वाक्य आहे, आणि सगळे पासवर्ड आमच्याकडे आहेत. शेवटचा हप्ता मोठा पाऊस पडून गेल्यावर, त्या रात्रीचं रेकॉर्डिंग तपासून दिला.