नाटकासाठी गिरणगाव वॉक केला, पैसे वसूल झाले पण शेवटच्या पाऊण तासात

आमच्या हौशी ग्रुपने यंदा राज्य नाट्य स्पर्धेला जयंत पवारांचं 'अधांतर' घेतलंय, मुंबईतल्या गिरणी संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाचं नाटक. आम्ही सगळे पुण्याचे, निम्मी पोरं २००० नंतर जन्मलेली, त्यांना गिरणी म्हणजे दळणाची एवढंच माहीत, त्यामुळे दिग्दर्शक म्हणाला आधी लालबाग-परळ पायी फिरून या मग वाक्यं पाठ करा. ऑनलाइन शोधून एक वॉक बुक केला, माणशी ६०० रुपये, तीन तास. नाव लिहीत नाही कारण अर्ध्याहून जास्त तक्रारच आहे.

गाइड मुलगा गोड आहे, पण पाठांतर. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप, अडीच लाख कामगार, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, मग मॉल आले, चला इकडे फोटो काढा. आम्ही विचारलं मालक सामंतांशी बोलणीच का करेनात, तर म्हणे इगो. अरे इगो काय! १९४६ च्या कायद्याने मुंबईच्या गिरण्यांत मान्यता एकाच युनियनला, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, बोलणी करायचा हक्क तिचाच, आणि कामगारांचा राग नेमका तिच्यावरच, ८१ च्या दिवाळीला बोनसवरून तो उघड उघड बाहेर आला आणि लोक सामंतांकडे गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही हेही त्याने सांगितलं नाही, आणि नाटक ज्या १९९७ साली आलं त्याच वर्षी जानेवारीत सामंतांचा खून झाला हे तर त्याला माहीतच नव्हतं. एवढं तर आम्ही एसटीत बसून वाचलेलं.

फिनिक्समध्ये, म्हणजे गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये, गिरणीची चिमणी दाखवली पाच मिनिटं, कॉफी वीस मिनिटं. कॉफीचे पैसे वेगळे.

मग एका चाळीत नेलं. तिथे साचाखात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेले एक काका बसलेले, पंच्याहत्तरीच्या पुढचे, बनियनवर शर्ट चढवत म्हणाले या बसा, आणि बसायला जागाच नाही. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. काका म्हणाले आम्ही नऊ जण होतो इथे, पण तीन पाळ्या असायच्या ना, एक कामावर गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा आडवा, म्हणून खोली पुरायची. संपात पाळी गेली आणि नऊच्या नऊ जण एकदम घरात. "पैसा नंतर संपला, आधी जागा संपली."

मी नाटक चारदा वाचलंय, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. नाटकातल्या धुरींच्या घरात बाबा, मोहन, नरू हे भाऊ सारखे एकमेकांच्या अंगावर का येतात हे मी आजवर स्वभावावर ढकलत होतो.

दिग्दर्शकाने काकांना उत्साहाने सांगितलं की आम्ही पडदा उघडताना भोंगा वाजवणार आहोत. काका म्हणाले, "संपानंतरचं नाटक ना? मग आमच्या गिरणीचा तरी वाजवू नका, तो परत वाजलाच नाही. जाग मात्र यायची त्या टायमाला, कितीतरी वर्षं." भोंगा कट. आता तालमीच्या हॉलमध्ये खडूने दहा बाय बारा आखलंय, सोफा गेला, आईचं काम करणारी ताई पहिल्याच दिवशी स्टोव्हवर अडखळली.

निघताना गाइडला विचारलं की ६०० मधले काकांना किती मिळतात, तर त्याने घड्याळ बघितलं.

पाचपैकी तीन, तेही सगळे काकांचे. जायचंच असेल तर आधी वाचून जा, चाळीपासून सुरू करा म्हणून हट्ट धरा, आणि मॉलचा भाग सोडून द्या, तो तसाही फुकट बघता येतो. काकांना प्रयोगाचं बोलावणं दिलंय, येतो म्हणालेत, फक्त पहिल्या रांगेत बसवू नका, मान दुखते.