लिहिलेले जपणारी जागा: ब्लॉगर या सेवेचे दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

ब्लॉगर ही गूगलची मोफत सेवा वापरून मी २००९ सालापासून मराठीत लिहीत आलो आहे. आजोळच्या आठवणी, गडांच्या वाटा, वाचलेली पुस्तके, आईने सांगितलेल्या पाककृती असे त्या लेखनाचे स्वरूप आहे, आणि त्यातून एका रुपयाचीही प्राप्ती व्हावी अशी अपेक्षा कधी नव्हती. एखादे साधन इतका काळ वापरल्यानंतर केवळ त्यातील सोयी मोजून परीक्षण पुरे होत नाही. आजूबाजूचे सगळे बदलत असताना ते कसे टिकले आणि टिकताना त्याने काय गमावले, हेही पाहावे लागते. माझे मत आधीच सांगतो. लिहिलेला मजकूर वर्षानुवर्षे जागच्या जागी ठेवण्याच्या बाबतीत मराठी लेखकाला याहून भरवशाची मोफत जागा माझ्या पाहण्यात नाही. मात्र लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याशी बांधून ठेवणारे जे धागे या सेवेभोवती होते, ते एकेक करून तुटले आहेत.

ब्लॉगरची सुरुवात ऑगस्ट १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने केली आणि फेब्रुवारी २००३मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. इंटरनेटच्या जगात पाव शतकाहून अधिक काळ एखादी मोफत सेवा चालू राहणे किती दुर्मीळ आहे, हे तिच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या जागांकडे पाहिल्यावर कळते. याहूची जिओसिटीज २००९मध्ये बंद झाली. गूगलचे स्वतःचे ऑर्कुट, ज्यावर मराठी माणसांचे कितीतरी गट गजबजलेले असत, सप्टेंबर २०१४मध्ये मिटले. या सगळ्या काळात ब्लॉगरवरील नोंदी मात्र त्याच पत्त्यावर उघडत राहिल्या. नोंदींच्या मध्ये जाहिराती घुसवल्या गेल्या नाहीत, जुना मजकूर वाचण्यासाठी कोणाला खाते उघडावे लागले नाही, आणि लेखकाकडे वर्गणी मागितली गेली नाही. या तीन गोष्टींचे मोल सुरुवातीला जाणवत नाही, कारण त्या वेळी लिहिण्याचा आनंदच पुरेसा असतो; दहा वर्षांपूर्वीची एखादी नोंद कोणीतरी शोधत येते तेव्हा ते कळते.

माझ्या बाबतीत हे एका विशिष्ट लेखामुळे कळले. माझे आजोळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांपैकी एक. आईने सांगितलेल्या त्या गावाच्या खुणा, म्हणजे देऊळ, पाणवठा, नदी उतरण्याची जागा, पावसाळ्यात बंद होणारी वाट, मी एका नोंदीत लिहून ठेवल्या होत्या. प्रसिद्ध झाली तेव्हा तिला ओळखीच्या दोनचार लोकांचा प्रतिसाद मिळाला. पण कोयनेची विस्थापित कुटुंबे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत विखुरली आहेत, आणि त्यांची तिसरी पिढी आता आपल्या मूळ गावाचे नाव शोधयंत्रात टाकून पाहते. अशा वाचकांच्या प्रतिक्रिया त्या नोंदीखाली वर्षानुवर्षांच्या अंतराने येत राहिल्या. कोणी आपल्या आजोबांचे घर देवळाच्या कोणत्या अंगाला होते ते लिहिले, कोणी माझ्या आईच्या आठवणीत नसलेली एक वाडी सांगितली, आणि एका वाचकाने पुनर्वसनाच्या गावात ग्रामदैवताची स्थापना कशी झाली याची हकिगत सविस्तर लिहिली. आज ती नोंद माझ्या मजकुरापेक्षा खालच्या प्रतिक्रियांमुळे अधिक मोलाची आहे. फेसबुकवर हाच मजकूर लिहिला असता तर आठवडाभरात तो खाली सरकून गेला असता आणि त्या गावाचे नाव शोधत निघालेला अनोळखी माणूस त्याच्यापर्यंत पोहोचणे फार अवघड झाले असते. उघड्या जाळ्यावर, कायम पत्त्यावर आणि युनिकोड (म्हणजे अक्षरांना सर्व संगणकांवर एकच संकेतांक देणाऱ्या प्रमाणित पद्धतीच्या) देवनागरीत मजकूर असणे, या तिन्हींचा हा एकत्र परिणाम आहे आणि ब्लॉगरची खरी किंमत मी त्यात मानतो.

युनिकोडविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मराठी ब्लॉगलेखनाचा आणि त्याचा संबंध जिव्हाळ्याचा आहे. त्याआधी मराठी संकेतस्थळे आपापले वेगळे फाँट वापरत आणि तो फाँट संगणकावर नसेल तर समोर निरर्थक चिन्हे दिसत. बरहा, गमभन, पुढे गूगलची लिप्यंतराची सोय यांमुळे घरच्या साध्या कळफलकावर मराठी लिहिता येऊ लागले आणि त्याच सुमारास ब्लॉगरसारख्या मोफत जागांवर मराठी लेखनाला बहर आला. परंतु त्या काळातील मजकुरात काही अडचणी कायमच्या राहून गेल्या आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८च्या ५.१ या आवृत्तीत; त्यामुळे जुन्या नोंदींत ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले असते. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांतील अर्ध्या ‘ऱ’चेही तेच, तो दोन प्रकारांनी लिहिला जातो. परिणामी एका रूपात लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपाने शोधल्यास हमखास सापडेल असे नाही. हा दोष ब्लॉगरचा म्हणता येणार नाही, पण अनेक वर्षांचा मराठी ब्लॉग सांभाळणाऱ्याने सवड काढून जुन्या नोंदींतील ही अक्षरे एकसारखी करून घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

जो दोष निःसंशय ब्लॉगरचाच आहे, तो नोंदीच्या पत्त्याचा. नोंद प्रसिद्ध करताना ही सेवा शीर्षकातील रोमन अक्षरे उचलून पत्ता तयार करते. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर तिला उचलण्यासारखे काही सापडत नाही आणि ती सरळ ‘ब्लॉग-पोस्ट’ असे नाव देऊन मोकळी होते. त्याच महिन्यात दुसरी नोंद लिहिली तर त्यापुढे एखादा आकडा जोडते. मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांतील असंख्य नोंदी या एकाच नावाने वावरत आहेत. पत्ता पाहून आत काय आहे याचा काडीमात्र अंदाज येत नाही. २०१२पासून पत्ता स्वतः लिहिण्याची सोय मिळाली, परंतु तोही रोमन अक्षरांतच लिहावा लागतो. वर्डप्रेसच्या सेवेत देवनागरी शीर्षकाचा पत्ता देवनागरीत राहतो, हे पाहिले म्हणजे ही अडचण सोडवणे अशक्य नव्हते हे स्पष्ट होते. इतकी वर्षे भारतीय भाषांत काम करणाऱ्या कंपनीने एवढी साधी गोष्ट तशीच ठेवावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. नव्याने लिहिणाऱ्याने प्रत्येक नोंदीचा पत्ता प्रसिद्धीपूर्वी स्वतः लिहावा. जुन्या नोंदीचा बदलायचा असल्यास ती आधी मसुद्यात परत न्यावी लागते आणि मग जुना पत्ता नव्याकडे वळवण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन वापरावी लागते.

रचनेच्या नमुन्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असल्याने ओळींमधले अंतर देवनागरीला अपुरे पडते आणि शीर्षकातील वेलांट्या-मात्रा वरच्या कडेला घासतात. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, ओळीची उंची थोडी वाढवली की वाचन सुसह्य होते. भेटींचे आकडे दाखवणारे पानही मी मनावर घेत नाही, कारण त्यात माणसे किती आणि आपोआप फिरणारे यांत्रिक वाचक किती, हे त्यावरून ठरवता येत नाही.

तुटलेल्या धाग्यांकडे मात्र नीट पाहायला हवे. मी लिहू लागलो तेव्हा मराठी ब्लॉगांना परस्परांचा शेजार होता. ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या संकलकांवर कोणी नवे काय लिहिले ते एका ठिकाणी दिसे, स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ ही स्पर्धा घेतली होती, आणि नियमित वाचक गूगल रीडरमध्ये आवडत्या ब्लॉगांची यादी करून ठेवत. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले. फीडबर्नरमार्फत नवी नोंद इमेलने पाठवण्याची सोय २०२१मध्ये काढून घेण्यात आली. त्याआधी २०१९मध्ये गूगल प्लस हे कंपनीचे समाजमाध्यम संपले, तेव्हा ज्या ब्लॉगांनी त्याची प्रतिक्रिया-पद्धत स्वीकारली होती त्यांच्या त्या प्रतिक्रिया ब्लॉगरमध्ये आणता येणार नाहीत असे कंपनीनेच जाहीर केले, आणि त्या नाहीशा झाल्या. माझ्या आजोळच्या नोंदीचे उदाहरण समोर ठेवले तर या निर्णयाची गंभीरता ध्यानात येईल: प्रतिक्रिया हा मजकुराचाच भाग असतो, आणि काही ठिकाणी तर तोच मूळ ऐवज असतो. सेवा पुरवणाऱ्याने मूळ लेखन जपले आणि त्याखालचा संवाद पुसून टाकला, तर जपणूक अर्धीच झाली.

पत्त्यांच्या बाबतीत भारतीय वाचकांना बसलेला आणखी एक फटका अनेकांना अजूनही ठाऊक नाही. २०१२पासून भारतातून उघडलेले ब्लॉग ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ऐवजी ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या पत्त्यावर दिसू लागले होते, आणि त्या काळात लोकांनी एकमेकांना पाठवलेले, लेखांत आणि विकिपीडियात दिलेले असंख्य दुवे त्याच रूपातले होते. २०१८मध्ये ही देशनिहाय पद्धत थांबली. २०२०मध्ये तर ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे नावच गूगलच्या हातून निसटून दुसऱ्याकडे गेले आणि ते सगळे दुवे मृत झाले. असा दुवा हाती आला तर शेवटचे ‘इन’ काढून ‘कॉम’ लिहावे. मजकूर बहुतेक वेळा सुखरूप सापडतो. माझ्या जुन्या नोंदींतून इतरांच्या ब्लॉगांकडे जाणारे असे दुवे मी दुरुस्त करत असतो. त्या निमित्ताने ज्यांनी लिहिणे कधीच थांबवले आहे अशा लेखकांचे उत्तम मराठी गद्य पुन्हा वाचायला मिळते, आणि ते अद्याप उघडते याचे समाधान दरवेळी वाटते. स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतंत्र पत्ता, घेतले तर अशा उलथापालथीपासून बराच बचाव होतो. ब्लॉगर ते जोडण्याचे पैसे घेत नाही, फक्त डोमेनचे वार्षिक शुल्क भरावे लागते.

वर्डप्रेसची मोफत सेवा देवनागरी पत्त्यांच्या बाबतीत सरस आहे, हे वर आलेच; परंतु मोफत ब्लॉगवर ती स्वतःच्या जाहिराती दाखवते आणि चित्रांसाठी जागाही मर्यादित देते. लिहिण्याचा चौकोन तिथे अधिक देखणा आहे. तरीही निव्वळ वैयक्तिक लेखन करणाऱ्याने, ज्याला दरमहा खर्च नको आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर जाहिराती नकोत, त्याने ब्लॉगरच निवडावे असे मला वाटते.

निवडल्यावर मात्र सांभाळण्याची जबाबदारी लेखकाचीच आहे. ब्लॉगच्या सेटिंगमधून प्रत काढण्याची जी जुनी पद्धत परिचित आहे, तिच्यात नोंदी आणि प्रतिक्रिया येतात, चित्रांचे केवळ दुवे येतात. छायाचित्रेही हवी असतील तर गूगलच्या टेकआउट या सोयीतून संपूर्ण संग्रह उतरवून घ्यावा. त्याहून महत्त्वाची बाब खात्याची आहे. दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३मध्ये जाहीर केले आणि त्याची अंमलबजावणी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून होऊ शकेल असे कळवले. मराठी ब्लॉगलेखकांची पहिली पिढी आता वयस्क होत चालली आहे. काही जण आज हयात नाहीत आणि त्यांच्या ब्लॉगची किल्ली घरात कोणाकडेच नाही. निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थापनाची जी सोय गूगलने २०१३पासून दिली आहे, तिच्यात विश्वासातल्या दहा जणांपर्यंतची नावे नोंदवून ठेवता येतात. शिवाय ब्लॉगच्या सेटिंगमध्ये जाऊन घरातील दुसऱ्या व्यक्तीला लेखक म्हणून निमंत्रण देता येते आणि तिने ते स्वीकारल्यावर तिला व्यवस्थापकाचा दर्जा देता येतो. मी माझ्या मुलीला तो दिला आहे, आणि शिवसागराखालच्या गावाविषयी येणाऱ्या नव्या प्रतिक्रिया आता तिच्याही इमेलवर जातात.