साडेअडतीस हजारांचा काळा रंग

मी हिशेब तपासते. एका सीएच्या ऑफिसात गेली एकोणीस वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं बघणं हेच माझं काम. "पक्कं बिल कुठंय?" हे दिवसातून दहा वेळा तरी माझ्या तोंडून निघतं. त्याच मी एका एसी गॅरेजवाल्याला साडेअडतीस हजार रुपये दिले, त्यातले साडेतेवीस हजार रोख, आणि बदल्यात पॅडवरचा एक चिठोरा पर्समध्ये टाकून घरी आले. चिठोऱ्यावर लिहिलं होतं, "एसी वर्क". ना दुकानाचं नाव, ना सही. हे लिहिताना अजूनही कान गरम होतात, पण लिहितेय. आठवड्याभरात ऑफिसातल्या दोघांनी असलेच किस्से सांगितले, म्हणजे हा धंदा जोरात चालू आहे.

गाडी बाबांची. 2001 ची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक. ज्यांना माहीत नाही त्यांना ती जुनाट सेडान दिसते, ज्यांना माहीत आहे ते सिग्नलला काच खाली करून विचारतात, "विकणार का?" 1493 सीसी, 106 हॉर्सपॉवर, आणि इंजिनचे फेरे वर चढले की आवाजच बदलतो. दोन दारांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार आपल्याकडे नोकरदाराच्या वाट्याला कधी आलीच नाही. बाबांच्या पिढीची स्पोर्ट्स कार हीच. 2003 ला नवी सिटी आली आणि ही बंद झाली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलं, आणि ती आमच्याकडेच राहिली.

एप्रिलमध्ये एसी रुसायला लागला. सकाळी ऑफिसला जाताना गारेगार, दुपारी उन्हातून काढली की नुसती गरम हवा. ब्लोअर चालू, बटणावरचा दिवा चालू, बॉनेटखाली पुढचा पंखासुद्धा फिरतोय. फक्त एसी लावल्यावर जो एक "टक्" आवाज यायचा आणि इंजिन जरासं दबायचं, ते होत नव्हतं. संध्याकाळी गाडी थंड झाली की पुन्हा सगळं सुरळीत. आता कळतं की एवढ्यात सगळं उत्तर होतं. तेव्हा मला एवढंच कळलं की एसी बिघडलाय.

आमचा नेहमीचा मेकॅनिक एसीच्या कामाला हात लावत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी सांगितलेल्या गॅरेजमध्ये गेले. चकचकीत, काचेची केबिन, केबिनमध्ये अर्थातच उत्तम एसी. मालक माझ्याच वयाचा, बोलायला गोड. "ताई, बसा. पोरगा चेक करतो. पाणी घ्या."

दहा मिनिटांनी मला बॉनेटपाशी बोलावलं. निळ्या आणि लाल नळ्यांची दोन घड्याळं गाडीला लावली होती. मालकाने बोट ठेवून दाखवलं, "बघा, दोन्ही काटे शंभराच्या जरा पुढे. सारखेच. एक खाली, एक वर पाहिजे. प्रेशर बनतच नाही. कंप्रेसर बसला ताई."

पटलं. दोन घड्याळं, दोन काटे, दोन्ही एका जागी. आकडे दिसले की मी विश्वास ठेवते, तो माझा धंद्याचा दोष.

ते काटे खरंच काय सांगत होते ते मागाहून शिकले. एसीतला आर-134ए गॅस बंद नळीत नुसता पडून असेल, तर त्याचा दाब हवेच्या तापमानावर ठरतो. तीस अंशाला साधारण सत्त्याण्णव पीएसआय, पस्तीसला एकशे चौदाच्या आसपास. कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, फिरत नसेल तर दोन्ही बाजूंना तोच दाब, म्हणून दोन्ही काटे सारखे. कंप्रेसर फिरायला लागला की निळा तीस-चाळीसवर उतरतो आणि लाल दोनशेकडे चढतो. म्हणजे मला जे दाखवलं त्यावरून इतकंच सिद्ध होत होतं की नळीत गॅस आहे आणि कंप्रेसर या क्षणी फिरत नाहीये. का फिरत नाहीये, ते त्या घड्याळांना माहीत नसतं. कंप्रेसर खराब म्हणून फिरत नाही, की त्याला करंटच मिळत नाही म्हणून? हा प्रश्न मी विचारला नाही. त्याला विचारायचाच नव्हता.

हिशेब त्याने कागदावर लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवला. नवा कंप्रेसर 26,000, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह 5,000, गॅस-ऑइल 3,500, मजुरी 4,000. पंधरा हजार अॅडव्हान्स मी लगेच यूपीआयने टाकले. "पक्कं बिल हवं असेल तर वर अठरा टक्के लागतील ताई, तुम्ही बघा," असं म्हणाला. मी बघितलं आणि माझेच सात हजार वाचवले. क्लायंटने असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं.

तिसऱ्या दिवशी गाडी तयार. एसी गार, अगदी बर्फ. मी शहाणपणा करून विचारलं, "जुना कंप्रेसर दाखवा." सगळे सांगतात ना, जुना पार्ट मागून घ्या. पोऱ्याने गोणपाटातून तेलकट, जड कंप्रेसर काढून पायाशी ठेवला. फिरवून दाखवला, आतून कर्रकर्र आवाज आला. "न्यायचा असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात टाकतो." मी काय करणार होते तो नेऊन? बॉनेट उघडून नवा दाखवला. खाली काळा, चकाकता. मी साडेतेवीस हजार रोख मोजून दिले आणि निघाले.

तेवीस दिवस झाले. आईला घेऊन साताऱ्याला लग्नाला निघाले होते. खंबाटकीच्या चढावर हवा गरम. आई म्हणाली, "अगं, एसी बंद केलास का?" बटणावरचा दिवा चालूच होता.

मालकाला फोन केला. "ताई, घाटात लोड येतो. परत आल्यावर आणा."

साताऱ्यात पोवई नाक्याकडे जाताना एक बॅटरी-वायरिंगचं दुकान दिसलं. टपरीच म्हणा. साठीतले एक काका, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. मी सांगायला लागले की कंप्रेसर नवीन आहे, गॅस नवीन आहे, आणि ते ऐकतच नव्हते. म्हणाले, "एसी लावा." लावला. वाकून कान दिला. "पंखा फिरतोय. म्हणजे प्रेशर स्विच हो म्हणतोय, गॅस आहे. कंप्रेसरचा क्लच बसत नाही. बंद करा."

बॉनेटच्या कडेला रिले ओळीने लावलेले असतात, बोटाच्या पेराएवढ्या काळ्या डब्या. त्यांनी त्यातला एक उपटला आणि त्याच्या खोबणीत फ्यूज लावलेल्या वायरचा तुकडा अडकवला. "टक्!"

तोच आवाज. आईलासुद्धा गाडीतून ऐकू आला.

"कंप्रेसर चालू आहे की तुमचा," काका म्हणाले. मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आपण दाबतो ते बटण कंप्रेसरला थेट करंट देत नाही. बटणाचा निरोप इंजिनच्या कॉम्प्युटरला जातो, तो रिलेच्या आतली छोटी कॉइल चालू करतो, कॉइल लोखंडाची एक पट्टी ओढते, आणि त्या पट्टीवरून तीन-चार अँपिअरचा करंट कंप्रेसरच्या क्लचला, म्हणजे कंप्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या चकतीला जातो. पट्टीची टोकं ठिणग्यांनी जळतात, किंवा कॉइलच्या पायाशी झाळलेला टाका उन्हाने सुटतो. टाका सुटला असेल तर थंडीत चालतं, तापलं की बंद. माझं एप्रिलचं दुखणं नेमकं हेच. सकाळी गार, दुपारी गरम.

त्यांनी काढलेल्या रिलेचं टोपण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. आत पट्टीचं टोक काजळीसारखं काळं. "हा ओरिजिनल नाही. डुप्लिकेट आहे, महिन्याभरातला. बाकीच्यांकडे बघा की, वीस वर्षांची धूळ बसलीये. हा एकटाच आंघोळ करून आलाय."

म्हणजे पुण्यातल्या गॅरेजला पहिल्या दहा मिनिटांतच रिले सापडला होता. त्यांनी तो बदललाही होता, बहुतेक शे-दोनशेच्या मालाने, आणि मला कंप्रेसरचं बिल लावलं. तरी मी म्हणाले, "पण कंप्रेसर खरंच बदललाय काका, मी पाहिलाय."

काकांनी टॉर्च खाली धरला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मला वाकायला सांगितलं.

कंप्रेसर ज्या बोल्टांनी इंजिनला बांधलेला असतो, त्यांच्या डोक्यावरही तोच काळा रंग होता, अखंड, कोपऱ्यांवरसुद्धा. "या बोल्टांना पाना लागलेलाच नाही ताई. लागला असता तर कोपऱ्यावरचा रंग खरवडला असता." कंप्रेसरच्या मागच्या बाजूला, जिथे स्प्रे पोचला नव्हता, तेलमातीचा जाड थर जसाच्या तसा. शेजारच्या रबरी पाइपवर काळे शिंतोडे. काकांनी अंगठ्याच्या नखाने एका जागी रंग खरवडला. खालून जुनं, पिवळं पडलेलं लेबल निघालं.

माझा कंप्रेसर गाडीतून उतरलाच नव्हता. त्याला जागच्या जागी रंगवलं होतं. गोणपाटातला तो कर्रकर्र वाजणारा कुणा दुसऱ्याच गाडीचा, आणि तो माझ्यासारख्या किती जणींच्या पायाशी ठेवला असेल देव जाणे. काकांनी रिलेचे अडीचशे आणि मजुरीचे दीडशे घेतले. मजुरी पाचशे घ्या म्हटलं तर हसले. लग्न लागून गेलं होतं, जेवायला पोचलो.

पुण्यात आल्यावर मी माझं काम केलं, जे आधीच करायला हवं होतं. मागच्या वर्षी पॉलिसी चार दिवस लॅप्स झाली होती, तेव्हा विमा कंपनीने इन्स्पेक्शनसाठी माझ्याकडूनच इंजिनचे फोटो काढून मागवले होते. ते फोनमध्ये होते. त्यातल्या एकात कंप्रेसरच्या ब्रॅकेटवर बाबांनी कधीतरी लावलेला लाल ऑइलपेंटचा ओघळ दिसतो. आताच्या गाडीत त्याच जागी, काळ्या रंगाखाली, तोच ओघळ उंचवट्यासारखा हाताला लागतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून प्रिंट काढली.

मालक आधी म्हणाला, "तो पोऱ्या सोडून गेला." मग, "ताई, नवीन माल आम्ही रंगवूनच बसवतो." मग मी लेबल दाखवल्यावर आवाज चढला. मी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी नंबर दिला, पण असल्या सुट्या गॅरेजवाल्याला एका फोनने घाम फुटत नाही. काम केलं ते नोटिशीने. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी पडत नाही. आमच्या ऑफिसातल्या वकील मॅडमनी हे दोन्ही मुद्दे, फोटो आणि त्याचा व्हॉट्सअॅपवरचा हिशेब जोडून स्पीड पोस्टाने पाठवलं. बिल न मागण्याचा दोष माझाही होता, पण कायद्याच्या भाषेत बिल देणं त्याचं काम होतं. हे वाचून मला जरा बरं वाटलं, फार नाही.

नवव्या दिवशी फोन आला. "ताई, एवढं कशाला वाढवायचं." पंधरा हजार यूपीआयने परत केले, जसे घेतले तसे. रोख साडेतेवीस? "मी पंधराच घेतले होते. तुमच्याकडे काही असेल तर दाखवा." माझ्याकडे चिठोरा होता, "एसी वर्क". आयोगात जाऊन त्यासाठी भांडता आलं असतं. वकील मॅडम म्हणाल्या लढू. पण आकडा सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. मीच असली व्हाउचरं नामंजूर करते.

आता गाडी कुठेही टाकायची असली की आदल्या रात्री बॉनेट उघडून कंप्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर, प्रत्येकावर आतल्या बाजूला नेलपॉलिशचा एक ठिपका लावते आणि लेबलांचे फोटो काढते. लाल नाही, जांभळी. लाल कुणाकडेही असते. एसीचा माणूस काटे दाखवायला लागला की मी म्हणते, आधी रिले काढून क्लचला थेट करंट देऊन दाखवा. दोघांनी तोंड वाकडं केलं, तिसऱ्याने मुकाट्याने वायर आणली. नाना पेठेतून चारशे ऐंशीला एक जपानी रिले आणून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, पक्क्या बिलासकट.

पंधरा हजार आल्याचा मेसेज पडला त्याच संध्याकाळी मालकाचा व्हॉट्सअॅप आला होता. हात जोडलेली खूण, आणि खाली, "ताई, पंधरा दिवसांनी गॅस चेक करायला या. फ्री."