स्टिकरवरचे आठ ओहम

हॉलमध्ये दोन, स्वयंपाकघरात एक आणि आईच्या खोलीत एक, असे चार स्पीकर एका छोट्या अ‍ॅम्पवर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर. सकाळी आकाशवाणी लावली की घरभर ऐकू यावी, एवढीच हौस. त्यासाठी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा!

दुकानदाराने तळहाताएवढा अ‍ॅम्प दाखवला. खोक्यावर छापलेलं ‘५०० वॉट’, सोबत १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. खरं तर तिथेच गुणाकार करायचा. बारा दुणे चोवीस. आत येतात चोवीस वॉट, तर बाहेर पाचशे कुठून पडणार? पण दुकानात गाणं दणदणत होतं आणि मी मान डोलावत होतो.

चारही स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’चा स्टिकर. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. ते जितकं कमी, तितका अ‍ॅम्पला करंट जास्त द्यावा लागतो. “साहेब, एका चॅनेलला दोन पॅरलल मारा, काही होत नाही.” चॅनेल म्हणजे अ‍ॅम्पची डावी किंवा उजवी बाजू. हे गणित मला येत होतं. आठचे दोन पॅरलल, म्हणजे दोन्ही थेट त्याच दोन टोकांना, जोडले की चार, आणि अ‍ॅम्पवर ‘४ ते ८ ओहम’ लिहिलेलंच होतं. म्हणून मी निर्धास्त. पक्कं बिल मागितलं तर म्हणे अठरा टक्के वर पडतील. मग कच्च्या चिठ्ठीवर भागवलं. तिच्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून आवाज जरा वाढवला की अ‍ॅम्प गप्प, थोड्या वेळाने आपोआप सुरू. आठवडाभराने करपल्याचा वास आला आणि तो कायमचा बसला.

परत दुकान. त्याने खोकं न उघडताच निदान केलं. “दोन्ही साइडचे मायनस एकत्र केलेत ना? आणि वायर पण हलकी वापरलीत.” अशा डिजिटल अ‍ॅम्पमध्ये मायनसवरही सिग्नल असतो, ते एकत्र केले तर अ‍ॅम्प जळू शकतो, हे खरंच आहे. मी केले नव्हते, प्रत्येक स्पीकरला वेगळी जोडवायर होती. पण तो इतक्या ठामपणे बोलला की मीच वरमलो. दुसरा अ‍ॅम्प आणि ‘प्युअर कॉपर’ची तीस मीटर वायर घेऊन घरी आलो. तो अ‍ॅम्प दहा दिवस टिकला.

शेवटी खालच्या मजल्यावरचे काका आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, त्यामुळे व्होल्ट-ओहम मोजायचा मल्टिमीटर घरचाच. त्यांनी एकेक स्पीकर सोडवून मोजला. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा-सात दाखवतो. आमचे ३.४, ३.५, ३.४, ३.५. काकांनी स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली कारखान्यातलाच छाप होता, ४ ओहम. म्हणजे दोन पॅरलल लावून मी अ‍ॅम्पवर दोन ओहमचा भार टाकत होतो. गणित बरोबर, आकडा खोटा. बिचारा अ‍ॅम्प झेपेल तितका करंट देत देत जळला.

मग वायरची एक तार ब्लेडने खरवडली. तांबूस पापुद्रा निघाला, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. “हिचा रोध जास्त, म्हणूनच दुसरा अ‍ॅम्प तीन दिवस जास्त जगला असेल,” काका म्हणाले. हसावं की रडावं कळेना. एका स्पीकरचं पुढचं झाकण काढलं, तर बारीक, उंच आवाजासाठी असतो तो छोटा ट्वीटर नुसता शोभेचा. त्याला वायरच नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी बिल विचारलं. मी चिठ्ठीकडे बघितलं आणि फोन ठेवला.

तिसरा अ‍ॅम्प पक्क्या बिलावर घेतला, दुसऱ्या दुकानातून. स्पीकर तेच, फक्त आता प्रत्येक चॅनेलला दोन-दोन सिरीजमध्ये, एकामागे एक, म्हणजे खरेखुरे आठ. आवाज थोडा कमी आहे, आईला चालतो.

परवा भाच्यासाठी स्पीकर घ्यायला त्याच रस्त्यावर गेलो होतो, तिसऱ्याच दुकानात. जोडी समोर आली तसा मी खिशातून काकांचा मीटर काढला. दुकानदाराने जोडी हळूच मागे ओढली. “थांबा साहेब, ही राहू दे. आतला माल दाखवतो.”