पॉवर वीडरचा एअर फिल्टर: फोमचा बरा की कागदी?

आपल्याकडे उन्हाळ्यात वीडर (तण काढायचं इंजिनवालं यंत्र) चालवायचा म्हणजे मशीन अक्षरशः धुळीच्या ढगात असतं, आणि फिल्टरमधून सुटलेली बारीक माती थेट सिलेंडरमध्ये जाऊन पिस्टन रिंग घासते, मग कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) जातं आणि इंजिन उघडायची वेळ येते.

फोमचा फिल्टर मला शेतासाठी जास्त आवडतो कारण तो धुता येतो. कोमट पाणी, थोडा साबण, हलक्या हाताने दाबायचा (पिळायचा नाही, फाटतो), सावलीत पूर्ण वाळवायचा, मग थोडं इंजिन ऑइल लावून जास्तीचं दाबून काढायचं. हे ऑइल विसरू नका हो, धूळ त्यालाच चिकटते, कोरडा फोम बारीक माती आत सोडतो. पेट्रोलने धुणं तर सरळ बंद करा, आगीचा धोका आहे.

कागदी फिल्टर फोमपेक्षा बारीक धूळ अडवतो, पण धुता येत नाही, ऑइल चालत नाही, फक्त हळूच आपटून झटकायचा. कंप्रेसरची जोरात हवा मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात. काळा पडला की नवीनच.

होंडा जीएक्स १६० सारख्या इंजिनात दोन्ही एकत्र मिळतात, बाहेर फोम आत कागद. त्यात फोमला ऑइल लावायचं का ते मॅन्युअल बघूनच ठरवा, कागद ओला झाला तर हवाच कोंडते. साफसफाई साधारण ५० तासांनी सांगतात, पण कोरड्या रानात मी म्हणेन रोज संध्याकाळी उघडून बघाच.